गाडी लेट होती

आमच्या घरात एक गोष्ट आहे. लग्नकार्यात, दिवाळीत, चार माणसं जमली की कोणीतरी ती काढतंच. माझा धाकटा भाऊ परदेशी कामाला निघाला, त्या दिवशी त्याची आठ वर्षांची पोरगी सिनेमाला गेली होती. गाडी लेट झाली. बाप स्टेशनवर वाट पाहत बसला. पोरीला निरोप गेला, ये, अजून वेळ आहे. तर ती म्हणाली, "पूरी पिक्चर देखूँगी!" इथे सगळे हसतात. धाकटा सुट्टीवर आला की स्वतःच ती सांगायचा, मान वेळावून, पोरीचा आवाज काढून. तिला तो 'पिच्चरवाली' म्हणायचा.

ही गोष्ट खोटी आहे. ती मी रचली, आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या घराच्या बैठकीत उभं राहून, पायांतल्या चपलाही न काढता. आता धाकटा नाही. मीही फार दिवसांचा नाही. म्हणून त्या दिवशी काय झालं ते जसं झालं तसं सांगतो.

राज्य तेव्हा नवीन होतं. रायपूर राजधानी झालं आणि जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरलं. जिथे कधीकाळी रोग्यांच्या खाटा होत्या तिथे आमची टेबलं लागली. माझ्यासारख्या कारकुनाचे दिवस पालटले. बढती झाली, साहेब लोक नावानं ओळखायला लागले, आणि ज्या काळाबद्दल मी सांगतो आहे नेमक्या त्याच काळात सरकारी पगारही वाढले.

धाकटा शहराबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीत एका रोलिंग मिलमध्ये होता. लाल तापलेली सळई मशीनच्या एका तोंडातून सापासारखी सळसळत बाहेर येते. ती लांब चिमट्यानं पकडायची आणि वळवून दुसऱ्या तोंडात घालायची, हे त्याचं काम. त्याच्या हातांवर केस कधी राहिलेच नाहीत. जेवायला बसला की तव्यावरची पोळीही तो तशीच झपकन उचलायचा आणि पोरगी शेजारी बसून चिमट्याची नक्कल करायची. आई मराठीत बोलायची, बाप मराठीत बोलायचा, पोरगी सगळं समजून उत्तर हिंदीत द्यायची. शाळेत जाणारी आमच्याकडची सगळीच पोरं अशी.

मंदी आमच्या घरात पापडांवरून कळली. रायपूरच्या गच्चीवर काहीही वाळत घाला, संध्याकाळपर्यंत त्यावर काळी धूळ बसते. ती उरल्याकडून येते. त्या वर्षी माझी बायको पापड घेऊन खाली आली आणि कौतुकानं म्हणाली, "पाहा बरं, यंदा किती पांढरे राह्यले!"

धाकटा जिन्यात उभा होता. म्हणाला, "वहिनी, पापड पांढरे हायत म्हणजे भट्ट्या थंड्या हायत."

त्याची मिल आधी एका पाळीवर आली, मग अधूनमधून चालायला लागली, मग बंदच पडली. तो तरी रोज सायकल काढून उरल्याला जायचा. गेटवर त्याच्यासारखेच बसलेले असायचे. दुपारी परत यायचा. त्याचा संसार आमच्याच घरात वरच्या मजल्यावर होता आणि चूल एकच होती, त्यामुळे उपाशी राहायची वेळ कोणावर आली नाही. मी त्याला एका शब्दानं बोललो नाही, हे खरं आहे. पण मी कचेरीतून आलो की तो खुर्चीवरून उठायला लागला. पूर्वी कधी उठायचा नाही. त्याचं ते उठणं आधी मला लागायचं. नंतर सवय झाली. नंतर, एखाद्या दिवशी तो उठला नाही, तर माझ्या लक्षात यायला लागलं.

आफ्रिकेतल्या एका देशात नवी रोलिंग मिल उभी राहत होती आणि तिथे चिमट्यावर काम केलेली माणसं हवी होती. हे मी शोधून काढलं. ओळखीच्या ठेकेदाराकडे शब्द टाकला तो मीच. धाकट्याचं मन नव्हतं, पण नाही म्हणायला तोंडही नव्हतं. पहिल्या वेळी बॅग भरून झाली, रिक्षा दारात आली आणि पोरगी बॅगेच्या पट्ट्याला लटकली. सोडेचना. धाकट्यानं तिला उचललं, वर गेला आणि बॅग रिकामी केली. त्याच्या जागी दुसरा माणूस गेला. ठेकेदारानं मला चार शब्द सुनावले.

महिन्याभरानं परत जागा निघाली. या वेळी मी धाकट्याला सांगितलं, "हे पाहा, पोट्टी समोर राह्यली तर तू जात नाहीस. तिले मी घेऊन जातो कुठंतरी. तू निघून जा."

"न सांगता?" तो म्हणाला.

"सांगशील तर जाशील का?"

त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "तू म्हणशील तसं, दादा."

पोरीला सांगितलं, बाबा उद्या जाणार. जायचा होता आज. तिनं या वेळी रडायचं नाही असं कबूल केलं होतं, पण एका अटीवर. घरातून माणूस दूर निघाला की त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवतात. ते दही ती ठेवणार. तिला धीर नव्हता; तिनं आदल्या रात्रीच आईच्या मागे लागून एका वाटीत वेगळं विरजण लावून घेतलं होतं. वाटीवर झाकण ठेवून सगळ्यांना बजावलं होतं, "कोई छूना मत. ये पापा का है."

इथे धाकट्याच्या बायकोबद्दल सांगितलं पाहिजे. ती माझ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. आमच्या मूळ गावी विदर्भात एवढं कडक नव्हतं, पण आमच्या पिढ्या रायपुरात गेल्या आणि इकडची रीत घरात शिरली. इकडे नवऱ्याच्या थोरल्या भावाला कुराससुर म्हणतात, म्हणजे तो सासराच. त्याच्यासमोर डोक्यावर पदर, आणि बोलायचं ते तिसऱ्याच्या तोंडून. मी समोर बसलेला असताना ती माझ्या बायकोला म्हणायची, "विचारा म्हणा, भाजी आणखी वाढू का." मी बायकोला सांगायचो, "नको म्हण." अशी नऊ-दहा वर्षं गेली होती. तिचा आवाज मला चांगला ओळखीचा होता. पण तो माझ्याकडे वळलेला मी कधी ऐकला नव्हता.

पोरीला बाहेर न्यायच्या बेतात तिला कोणी विचारलं नाही. माझ्या बायकोजवळ ती एवढंच म्हणाली म्हणे, "पोरीच्या हातचं दही घेऊन गेले असते तर बरं झालं असतं." बायकोनं ते माझ्यापर्यंत आणलं. मी म्हटलं, "पाहू." पाहायचं काही नव्हतं.

पंडरीच्या बाजूला नवीन मॉल झाला होता आणि त्यात वर सिनेमाची थिएटरं. पोरीच्या शाळेत एका कार्टून सिनेमाची चर्चा होती. पेपरातल्या जाहिरातीत एक लठ्ठ हंस आणि लाल टोपीतली मुलगी होती. आम्हा नवरा-बायकोला वाटलं, बरं झालं, कार्टून आहे, पोरगी दोन-अडीच तास हसत बसेल. कार्टून म्हणजे पोरांसाठी आणि पोरांसाठी म्हणजे हसायचं, यापलीकडे काही असेल असं आमच्या डोक्यातही आलं नाही.

सरकत्या जिन्यावर ती खुशीत होती. वर जाऊन परत खाली आली, परत वर. दारावर पिशव्या तपासणाऱ्या रखवालदारानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नोनी ला देखाहू का कका?" पोरीला दाखवणार का, असं तो इकडच्या बोलीत विचारत होता.

"कार्टूनच तर आहे ना?"

"हव, कार्टून त हे. फेर लइका मन डर्राथें." कार्टून आहेच, पण पोरं भितात, असं तो म्हणत होता. मी हसून आत गेलो.

थिएटर जवळपास रिकामं होतं. त्या दिवसांत मॉलमध्ये लोक गारव्याला यायचे, जिन्यावर बसून निघून जायचे. पुढे कॉलेजातली चार पोरं, मागे एक जोडपं आणि मधे आम्ही दोघं. एसी एवढा की पोरीनं पाय फ्रॉकमध्ये ओढून घेतले.

सुरुवातीला हंस आला. तो चालताना पडायचा. ती हसली. माझ्या दंडाला धरून हसली. मला वाटलं, जमलं.

मग सिनेमातल्या त्या गावात सूर्य उगवायचा थांबला. पडद्यावर काळं पाणी भरलेलं एक तळं होतं. त्यातून काठीसारखी उंच, बारीक बाई बाहेर यायची. तोंडाच्या जागी काहीच नाही, नुसती ओली कातडी. हातात कंदील. ज्या घराच्या दारात ती कंदील ठेवी त्या घरातला एक माणूस सकाळी नसायचा. आणि वाईट गोष्ट ही की घरच्यांना तो आठवायचाही नाही. त्याची खुर्ची तशीच, ताट तसंच, लोक त्या खुर्चीला वळसा घालून चालायचे आणि आपण वळसा का घालतो हे त्यांना कळायचं नाही. फक्त त्या लाल टोपीतल्या मुलीला तिचा मोठा भाऊ आठवत होता. ती आईला विचारी तर आई म्हणे, कोण भाऊ?

सगळं हातानं रंगवल्यासारखं, सुंदर होतं. आज मला ते कळतं. त्या वेळी मी एवढंच पाहत होतो की माझ्या शेजारची पोरगी आधी हसायची थांबली, मग श्वास रोखून बसली आणि मग तिनं हळूच विचारलं, "बड़े पापा, हँसने वाला कब आएगा?"

"येईल आता," मी म्हटलं.

कंदीलवाली बाई परत आली. पोरीनं माझ्या शर्टात तोंड खुपसलं. तिचे दोन्ही हात माझ्या बाहीला घट्ट होते. आम्हाला मूल नाही. मला खरं सांगायचं आहे म्हणून हेही सांगतो, तिनं असं धरलं तेव्हा मला बरं वाटलं.

मध्यंतरात दिवे लागले तर तिचं तोंड पांढरं पडलेलं. "घर चलो ना. पापा के पास चलो."

"अजून अर्धा राहिला की."

"मुझे नहीं देखना. बहुत गंदी है ये पिक्चर. चलो ना, बड़े पापा."

मी घड्याळ पाहिलं. गाडीची वेळ व्हायची होती. आता निघालो असतो तर ती घरी पोचली असती आणि घरी कोणी नसतं, सगळे स्टेशनवर. तिनं विचारलं असतं, रडली असती, आणि स्टेशन काही फार लांब नव्हतं. मी तिला मक्याच्या लाह्यांचा मोठा डबा घेऊन दिला. म्हटलं, शेवटी सगळं चांगलं होतं, सिनेमात असंच असतं, पाहशील तू. बाहेरचा रखवालदार म्हणाला, "का होगे नोनी? डर्रा गेस?" ती माझ्यामागे लपली. मी तिला परत आत नेलं. जड पडदा बाजूला सारून मी तिला आत ढकललं तेव्हा तिनं एकदा मागे, उजेडाकडे पाहिलं. सिनेमातलं बरंच मी विसरलो, ते पाहणं विसरलो नाही.

दुसरा अर्धा सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल. खिशातला मोबाइल थरथरला. नंबर धाकट्याचा. मी पोरीला म्हटलं, "इथंच बस, मी आलो." तिनं बाही सोडली नाही. मी तिची बोटं सोडवली.

बाहेरच्या बोळात येऊन फोन कानाला लावला. पलीकडे स्टेशनचा गोंगाट, आणि त्यातून बाईचा आवाज.

"भाऊजी... मी बोलून राह्यली."

मी ओळखलं. ओळखूनही क्षणभर कळेना की हा शब्द मलाच आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलत होती. मागे माझी बायको उभी असणार, नवरा उभा असणार, तरी फोन तिनं स्वतः घेतला होता.

"भाऊजी, गाडी लेट हाय. लय लेट हाय म्हणतात. हे बाकड्यावर बसले हायत. सारखं पोरीचंच विचारून राह्यले. तिले घेऊन या ना. रडली तरी चालन. मी सांभाळीन तिले. आणा तिले, भाऊजी."

शब्द न् शब्द ऐकू आला. मागे गाडीची सूचना चालली होती तीही ऐकू आली.

मी म्हटलं, "हॅलो? हॅलो?"

"भाऊजी, ऐकू येऊन राह्यलं का?"

"हॅलो... आवाज येत नाही. आवाज येत नाही."

ती आणखी मोठ्यानं बोलली. भर फलाटावर, डोक्यावर पदर घेतलेली बाई, माझ्याशी ओरडून. "गाडी लेट हाय! पोरीले आणा!"

मी फोन कापला आणि बंद करून टाकला.

का, ते मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. निघालेल्या माणसाला मागे ओढू नये, पोरगी लटकली तर तो परत बॅग रिकामी करेल, ही जागा गेली तर तिसरी मिळणार नाही, उरल्यातल्या भट्ट्या कधी पेटतील देव जाणे. हे सगळं खरं होतं. पण मला तो घरातून जायला हवा होता. त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहून मी थकलो होतो. दारात मी आलो की खुर्चीवरून उठणारा तो माणूस नको होता मला. आणि पोरगी राहायला हवी होती. एवढंच ते होतं.

आत गेलो. पडद्यावर सगळं काळं होतं आणि त्यात एकच कंदील हलत होता. ती सीटवर पाय घेऊन, डोळे मिटून, कानांत बोटं घालून बसली होती. लाह्यांचा डबा खाली सांडला होता. मी खांद्याला हात लावला तर ती दचकली आणि डोळे न उघडता म्हणाली, "ख़त्म हो गया?"

"थोडं राहिलं."

सिनेमाचा शेवट मला सांगता येणार नाही. मी घड्याळाकडे पाहत होतो.

तो संपल्यावरही मी तिला घरी नेलं नाही. पंडरीच्या कपडा बाजारात नेलं. कापडाच्या दुकानांतून फिरवलं, तिला नको असलेला पिवळा फ्रॉक घेतला. ती तो हातात धरून मुकाट चालत होती. गाडी एवढी लेट होती की आम्ही त्या बाजारात फिरत असतानाही धाकटा फलाटावरच होता. हे मला नंतर कळलं.

घरी पोचलो तेव्हा दोघी जणी स्टेशनवरून आलेल्या होत्या. पोरगी सरळ स्वयंपाकघरात गेली. मोरीत ती वाटी पडलेली होती. कडेला दही लागलेलं. झाकण बाजूला.

"ये किसने लगाया?" तिनं विचारलं. मग परत, "पापा को दही किसने लगाया?"

माझी बायको म्हणाली, "मी लावलं गं बाई. बाबाले अचानक आजच जावं लागलं."

पोरगी वाटीकडे पाहत राहिली. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात, पदर पुढे ओढून उभी होती. फोनवरचा तो आवाज परत आत गेला होता. ती माझ्या बायकोला म्हणाली, "विचारा म्हणा, फोन लागला होता का."

आणि मी, बैठकीत उभा, चपला पायात, म्हणालो, "लागला होता ना. मी लगेच हिले म्हटलं, चल, गाडी लेट हाय, बाबा वाट पाहून राह्यला. तर ही ऐकते का? पूरी पिक्चर देखूँगी म्हणे! सीट सोडायले तयार नाही."

ज्याला फोनवर काही ऐकू आलं नव्हतं, त्यानं पोरीला गाडी लेट असल्याचं कसं सांगितलं? हा साधा प्रश्न त्या दारातल्या बाईला पडला नसेल असं होऊच शकत नाही. तो तिनं विचारला नाही. नवऱ्याच्या थोरल्या भावाला खोटं पाडायचं तर आधी त्याच्याशी बोलावं लागतं.

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. तोंड थोडं उघडलं. मी तिच्याशी असं का बोलतो आहे हे तिला कळत नव्हतं, पण मोठ्यांनी सांगितलेलं खोटं असू शकतं हेही तिला माहीत नव्हतं. तिनं तोंड मिटलं.

संध्याकाळी धाकट्याचा गाडीतून फोन आला. माझ्या बायकोनं हसत हसत त्याला ते सांगितलं. तोही हसला म्हणे. "असू दे वहिनी. पोट्टीच ते. बापापेक्षा पिच्चर प्यारा!"

त्या दिवसापासून ती गोष्ट झाली.

धाकटा तिकडे बरीच वर्षं राहिला. इकडे भट्ट्या पेटल्या, पापड परत काळे पडायला लागले, पण तो तिकडे रुळला होता. फोनवर पहिलं वाक्य, "काय गं पिच्चरवाली?" ती आधी लाजायची, मग नुसतं "हाँ पापा" म्हणायची, मग फोन आईच्या हातात द्यायची. तो सुट्टीवर आला की दोघं एका खोलीत टीव्हीसमोर पाहुण्यांसारखी बसायची. तो मराठीत विचारायचा, ती हिंदीत एका शब्दात उत्तर द्यायची. मला ते दिसत होतं. कोणत्याही दिवशी, चहा पिता पिता, मी सांगू शकलो असतो. दोन वाक्यांचं काम होतं. पण त्या दोन वाक्यांत तिसरं वाक्य होतं, मला तू जायला हवा होतास, ते.

मग तो कायमचा परत आला, पण आजार घेऊन. गेला त्या दुपारी मी त्याच्या उशाशी होतो. पोरगी नोकरीच्या गावाहून पोचायची होती. तेव्हाही मी बोललो नाही.

त्याच्या तेराव्याला पोरगी गच्चीवर एकटी उभी होती. मी वर गेलो. कठड्यावर बोट फिरवून तिनं काळी धूळ पाहिली आणि म्हणाली, "बड़े पापा, उस दिन मैं स्टेशन चली जाती ना, तो सब कुछ अलग होता. एक पिक्चर के लिए नहीं गई मैं. पापा हँसते थे, पर उनको लगा तो होगा."

मी म्हटलं, "तू लहान होतीस." एवढंच म्हटलं.

गेल्या वर्षी माझं हृदयाचं दुखणं निघालं. घरी आल्यावर मी ठरवलं. पोरगी आता संसारी आहे, नवऱ्यासोबत रायपुरातच, आणि तिची आई तिच्याकडे राहते. मी दुपारी गेलो. तिला समोर बसवलं. आई आतल्या दाराशी पाट घेऊन बसली होती, पदर तसाच. मी सगळं सांगितलं. फोन, बोळ, पंडरी, पिवळा फ्रॉक. "तू म्हणत होतीस घरी चला. रडायला आली होतीस. मी नेलं नाही तुला. तू कधीच म्हणाली नव्हतीस की पूर्ण पाहायचा आहे."

ती ऐकत होती. मग तिनं माझा हात हातात घेतला आणि हसली.

"नहीं, बड़े पापा. मुझे सब याद है. आपने बोला था चलो. मैंने सीट का हत्था पकड़ लिया था, लाल वाला. आप खींच रहे थे मुझे."

"अगं नाही. तू डोळे मिटून बसली होतीस. कानांत बोटं..."

"मैं? वो लालटेन वाली तो मुझे इतनी पसंद थी! डरे तो आप थे, बार-बार बाहर जा रहे थे." तिनं माझा हात थोपटला. "आप मेरा मन हल्का करने के लिए बोल रहे हो. मैं समझती हूँ. आप कितने अच्छे हो."

मी परत पहिल्यापासून सांगितलं. मक्याच्या लाह्या सांडल्याचं सांगितलं. रखवालदार काय म्हणाला ते सांगितलं. जेवढं सांगत गेलो तेवढे तिचे डोळे भरत गेले, माझ्या प्रेमानं. त्या दिवशी बैठकीत मी जे बोललो होतो ते तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की आता तेच तिनं पाहिलेलं होतं. त्यात लाल हत्था होता. हत्था मीसुद्धा घातला नव्हता.

मी दाराकडे पाहिलं. तिथे बसलेल्या बाईला खरं माहीत होतं. ती एक शब्द बोलली असती तर पोरीनं मानलं असतं. मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी समोरासमोर बोललो. म्हटलं, "तुम्ही सांगा हिला. तुम्ही फोन केला होता. सांगा."

ती गुडघ्यावरची साडीची घडी नीट करत राहिली. मग लेकीला म्हणाली, "विचार त्यांना, चहा घेतील का."

ती शिक्षा होती, की पोरीची बापाशी जोडलेली ती एक हसरी गोष्ट मोडू नये म्हणून होतं, की नुसती रीत होती, मला कळलं नाही. मी चहा घेतला आणि घरी आलो.

पोरगी हे मानणार नाही, वाचलं तरी. पण तिची आई आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयातून मासिकांचे अंक नेते आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. हे अंकात छापून आलं की तिच्या हातात पडेल. तिनं त्या दिवशी भर फलाटावरून मला एक गोष्ट विचारली होती. तिचं उत्तर तिला अजून द्यायचं राहिलं आहे.

आवाज येत होता. चांगला येत होता.